स्टेअरिंग अचानक दगा देतं तेव्हा: जुन्या गाडीचं निदान कमी पैशात कसं करायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकाच प्रकारचा होता. "सर, धंद्यासाठी सेकंडहँड गाडी घेतली, चालता चालता स्टेअरिंग एकदम जड झालं, मिस्त्री म्हणतो मोठं काम आहे. काय करू?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. मी दुकानदार आहे आणि धंदा शिकवतो. मग गाडीचा विषय या चॅनलवर कशाला? तुमच्यातल्या बहुतेकांच्या धंद्यात जुनी गाडी हाच सगळ्यात मोठा कामगार आहे. यवतमाळहून दारव्हा, आर्णी, घाटंजीला माल पोचवणारी इको, केटरिंगची भांडी नेणारी जुनी बोलेरो, बेकरीचे ट्रे घेऊन पहाटे निघणारी व्हॅगन आर. ती उभी राहिली की गल्ला उभा राहतो. आणि स्टेअरिंगचा बिघाड फक्त पैशाचा नसतो. तुमचा जीव, शेजारी बसलेल्या पोराचा जीव आणि रस्त्यावरच्या माणसाचा जीव त्यात असतो. म्हणून इथे दोन गोष्टी एकत्र शिकायच्या आहेत: पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात वाचवायचा नाही.

रस्त्यात झालं तर पहिला एक मिनिट

स्टेअरिंग अचानक जड झालं म्हणजे ते तुटलं असं नाही. पॉवरची मदत बंद झाली, एवढंच बहुतेक वेळा झालेलं असतं. चाकं अजूनही वळतात, फक्त जोर जास्त लागतो. तेव्हा घाबरून हात सोडू नका. दोन्ही हातांनी पकडा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, हळूहळू ब्रेक लावा, हझार्ड लाइट चालू करा आणि डाव्या बाजूला घ्या.

स्टेअरिंग ढिलं पडलं, म्हणजे तुम्ही फिरवताय आणि गाडी ऐकतच नाही, तर प्रकरण गंभीर आहे. खटकन ब्रेक दाबू नका. टप्प्याटप्प्याने वेग कमी करा आणि थांबा. त्यानंतर ती गाडी एक मीटरही पुढे चालवायची नाही. दोरी बांधून टोचन करायचं नाही, कारण मागच्या गाडीला वळवायलाच काही नाही. क्रेन किंवा गाडी वर चढवून नेणारं वाहनच बोलवा. तुम्ही राष्ट्रीय महामार्गावर असाल, म्हणजे पांढरकवड्याकडे ४४ नंबरवर किंवा कळंब-यवतमाळ-आर्णी-उमरखेड या ३६१ नंबरवर, तर १०३३ ही महामार्ग हेल्पलाइन आहे. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

आणि चालत्या गाडीची चावी कधीच बंद करू नका. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे भाऊ आपल्याकडे कमी नाहीत. इंजिन बंद झालं की हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगची मदत जाते, दोन-तीनदा पाय दाबला की ब्रेकही दगडासारखा होतो, आणि चावी काढली तर स्टेअरिंग लॉक होतं. चमचाभर डिझेलसाठी तिन्ही गोष्टी एकदम गमावायच्या, हा तोट्याचा सौदा आहे.

पाकीट उघडण्याआधी: चारपैकी कोणता बिघाड?

दुकानात गिऱ्हाईक "काहीतरी दाखवा" म्हणतं तेव्हा आपण विचारतो, कोणासाठी, कुठल्या भावात? तसंच इथे. मिस्त्रीला "स्टेअरिंग खराब झालं" सांगू नका. चारपैकी नेमकं काय झालं ते सांगा.

१. जड झालं: वळतं, पण ताकद लागते.
२. ढिलं झालं: फिरवलं तरी गाडी उशिरा वळते किंवा वळत नाही, खडखड आवाज येतो.
३. अडकलं: फिरतच नाही.
४. ओढतं: गाडी आपोआप एका बाजूला जाते.

एवढं बरोबर सांगितलं की निम्मं निदान झालं. आता एकेक घेऊ.

जड झालं: आधी गाडी कोणत्या जातीची ते बघा

पॉवर स्टेअरिंग मुख्यतः दोन प्रकारचं असतं. एक विजेवर चालणारं, त्याला ईपीएस म्हणतात. स्विफ्ट, व्हॅगन आर यांसारख्या मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत ते आहे. दुसरं तेलाच्या दाबावर चालणारं, हायड्रॉलिक. जुनी इंडिका, बोलेरो, क्वालिस यांत ते सापडतं. ओळखायचं कसं? बोनेट उघडा. पॉवर स्टेअरिंगच्या तेलाची छोटी बाटली दिसली तर हायड्रॉलिक. ती नसेल आणि चावी फिरवल्यावर मीटरवर ईपीएसचा किंवा स्टेअरिंगचा दिवा क्षणभर लागत असेल तर इलेक्ट्रिक. दोन्ही नसेल तर गाडीला पॉवर स्टेअरिंगच नाही. जुन्या ओम्नी, इको अशाच असतात. अशी गाडी जड झाली तर आधी पुढच्या टायरची हवा बघा.

ईपीएस असेल तर हा क्रम पाळा, स्वस्ताकडून महागाकडे:

पहिलं, दिवा. चावी फिरवल्यावर दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाड पकडलाय.

दुसरं, थंड होऊ द्या. अरुंद बोळात गाडी काढताना उभ्या गाडीत स्टेअरिंग पुन्हा पुन्हा टोकापर्यंत फिरवलं असेल तर मोटर तापते आणि स्वतःला वाचवायला मदत कमी करते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. थोडा वेळ थांबून परत मदत आली, तर कदाचित काहीच बिघडलेलं नाही. वारंवार होत असेल तरच पुढे तपासा.

तिसरं, फ्यूज. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो. ईपीएसचा फ्यूज शोधा. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. तार किंवा चांदी गुंडाळून जुगाड करू नका, वायरिंग पेटतं. नवा फ्यूजही लगेच जळला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे.

चौथं, बॅटरी. बहुतेकांचे पैसे इथेच वाचतात. ईपीएसची मोटर खूप करंट ओढते. बॅटरी कमजोर असेल किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर सगळ्यात आधी स्टेअरिंग तक्रार करतं. एक साधा मल्टिमीटर घ्या, काही शे रुपयांत येतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ठीक. १२ च्या खाली असेल तर बॅटरी संपत आलीय किंवा चार्ज होत नाहीये. मग इंजिन सुरू करून बघा. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. इंजिन सुरू असूनही आकडा वाढत नसेल तर दोष स्टेअरिंगचा नाही, अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा आहे.

पाचवं, अर्थिंग आणि जोड. बॅटरीपासून बॉडीला जाणारी काळी वायर घट्ट आहे का? उंदरांनी वायर कुरतडली आहे का? गोडाऊनजवळ गाडी लावणाऱ्यांनी हे नक्की बघावं. धान्याच्या पोत्यांइतकीच उंदरांना वायर आवडते.

सहावं, स्कॅनर. एवढं करूनही दिवा लागलेला असेल तर स्कॅनर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि कोड वाचून घ्या. कोडचा फोटो काढा. टॉर्क सेन्सर, मोटर, कंट्रोल युनिट यांपैकी कशाची तक्रार आहे ते त्यावरून कळतं.

हे सहा टप्पे झाल्याशिवाय "पूर्ण कॉलम बदला" या सल्ल्याला हो म्हणू नका. आणि एक काम स्वतः करायचंच नाही: स्टेअरिंग कॉलम उघडणं. एअरबॅग असलेल्या गाडीत तो जिवाशी खेळ आहे.

हायड्रॉलिक असेल तर:

आधी बेल्ट बघा, इंजिन बंद करून. तुटलाय, ढिला आहे, तेलाने माखलाय? बऱ्याच गाड्यांत एकच बेल्ट पाण्याचा पंप आणि अल्टरनेटरही फिरवतो. म्हणून स्टेअरिंग जड झालं, बॅटरीचा दिवा लागला आणि टेम्परेचरचा काटा वर चढतोय, असं तिन्ही एकदम दिसलं तर इंजिन लगेच बंद करा, अर्थात गाडी बाजूला उभी केल्यावर. "पाच किलोमीटरवर गॅरेज आहे" म्हणून पुढे गेलात तर बेल्टचं छोटं काम इंजिनच्या मोठ्या कामात बदलतं.

मग तेल. बाटलीवर किमान-कमाल खुणा असतात. कमी असेल तर भरा, पण गाडीच्या पुस्तकात किंवा झाकणावर लिहिलेलंच. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, सील खराब होतात. तेल फेसाळ, दुधाळ दिसलं तर आत हवा शिरलीय. वळवताना घुंऽऽ आवाज येतो तो बहुधा त्याचाच. आणि तेल कमी झालं म्हणजे ते कुठेतरी गेलं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून पाइप, पंप की रॅक याचा अंदाज येतो. या तपासणीला शून्य रुपये लागतात. नुसतं तेल भरत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं, आणि कोरडा पंप फिरत राहिला की तोही जातो.

ढिलं झालं: इथे काटकसर नाही

स्टेअरिंगच्या चाकापासून पुढच्या चाकांपर्यंत एक साखळी असते: कॉलम, त्याचे जॉइंट, रॅक किंवा स्टेअरिंग बॉक्स, टाय रॉड, टाय रॉड एंड. यातली एक कडी निसटली की गाडी तुमच्या हातात राहत नाही.

आपल्या कायद्यातच एक सोपी चाचणी दिलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टेअरिंगचा रिकामा खेळ, ज्याला मिस्त्री "प्ले" म्हणतात, ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. ३० अंश म्हणजे किती? घड्याळात १२ पासून १ पर्यंत. गाडी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ ठेवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आता स्टेअरिंग बोटांनी हलकं डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या माणसाला बाजूला उभं राहून पुढचं चाक कधी हलतं ते बघायला सांगा. ३० अंश ही शेवटची मर्यादा आहे. कारमध्ये त्याच्या बऱ्याच आधी, पूर्वीपेक्षा खेळ वाढलेला जाणवला तरी तपासायला न्या.

याच नियमात आणखी दोन गोष्टी आहेत, दोन्ही डोळ्यांनी दिसतात. जोडणीच्या बॉल जॉइंटवर रबराची टोपी असली पाहिजे, आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असल्या पाहिजेत. पुढचं चाक पूर्ण वळवा, मोबाइलचा टॉर्च मारा आणि आत बघा. रबर फाटलंय? ग्रीस बाहेर आलंय? आपली काळी माती आणि पावसाळ्यातला चिखल फाटक्या रबरातून आत जातो आणि जॉइंटला आतून घासून खातो. शेतरस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीचं हे दर महिन्याला बघा.

चाक हलवून बघायची चाचणी गॅरेजमध्ये, स्टँड लावून करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. चाक ९ आणि ३ वाजता धरून हललं तर संशय टाय रॉड किंवा रॅकवर. १२ आणि ६ वाजता धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगवर.

टाय रॉड एंड भंगारातून घेऊ नका. काच, आरसा, दाराचं हँडल सेकंडहँड चालेल. गाडीला दिशा देणारी आणि थांबवणारी वस्तू नवीच, आणि नामांकित कंपनीचीच. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करा, नाहीतर वाचवलेले पैसे टायर खाईल.

अडकलं किंवा ओढतं

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरत नाही आणि चावीही फिरत नाही, तर बहुधा ते फक्त लॉक आहे. स्टेअरिंग हलकं डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवा, सुटेल. चालत्या गाडीत अडकल्यासारखं, खटके घेत फिरत असेल तर कॉलमचा जॉइंट किंवा रॅक संशयित आहे. अशी गाडी चालवू नका.

एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही पुढच्या टायरची हवा मोजा. हवा ठीक असेल तर थोडं चालवून थांबा आणि चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागलं तर ब्रेक धरून राहिलाय. म्हणजे तक्रार स्टेअरिंगची, दुखणं ब्रेकचं.

दोष कंपनीचा तर नाही ना?

हा मुद्दा छोट्या उद्योजकांना माहीतच नसतो. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि इको मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या होत्या. कारण स्टेअरिंगचा टाय रॉड. क्वचित प्रसंगी तो तुटू शकतो, असा संशय होता. या गाड्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या होत्या. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये स्टेअरिंग गिअरबॉक्सच्या संभाव्य दोषासाठी २,५५५ ऑल्टो के१० परत बोलावल्या, आणि तो भाग बदलेपर्यंत गाडी वापरू नका असं सांगितलं.

इको म्हणजे आपल्या धंद्यांची लाडकी गाडी. तीच आज सेकंडहँड बाजारात येतेय. रिकॉलमध्ये तो भाग कंपनी फुकट बदलते. पण पत्र जातं पहिल्या मालकाला, आणि तुम्ही असता दुसरे किंवा तिसरे. म्हणून जुनी गाडी घेताना किंवा स्टेअरिंगचा कोणताही खर्च करण्याआधी आरसीवरचा चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. दहा मिनिटांचं काम आहे, कदाचित हजारो रुपये वाचतील.

मिस्त्रीशी व्यवहार: इथे धंद्याचं डोकं लावा

चांगला मिस्त्री म्हणजे धंद्यातला भागीदार. त्याच्यावर संशय घेऊ नका, पण अंदाजाला पैसे देऊ नका. चार वाक्यं पाठ करा:

"दादा, आधी तपासणीचे पैसे वेगळे सांगा, ते मी देतो."
"कोणता भाग गेला आणि ते कशावरून कळलं, मला दाखवा."
"एका वेळी एकच भाग बदलू."
"जुना भाग आणि बिल मला द्या."

तपासणीचे पैसे देताना जीवावर येऊ देऊ नका. समजा, तपासणीला ५०० रुपये लागले आणि दोष बॅटरीच्या टर्मिनलमध्ये निघाला. न तपासता १५,००० रुपयांचा कॉलम बदलला असता, तरी दिवा पुन्हा लागलाच असता. ५०० रुपयांनी १४,५०० वाचवले.

दुरुस्ती करायची की नाही, याचा हिशोबही सोपा आहे. समजा खर्च ९,००० रुपये आणि गाडी रोज निव्वळ ६०० रुपये कमावून देते. ९,००० भागिले ६००, म्हणजे १५ दिवसांत वसूल. मग लगेच करा. पण हाच आकडा चार-पाच महिन्यांवर गेला आणि गाडीची दुसरी कामंही रांगेत असतील, तर ती विकून भाड्याची गाडी लावणं परवडतं का ते कागदावर मांडा.

विम्याच्या भरवशावर राहू नका. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल बिघाडाचा खर्च मिळत नाही. अपघाताचं नुकसान वेगळं, झिजलेला टाय रॉड वेगळा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे धोकादायक दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता तरी, अशी गाडी रस्त्यावर चालवणं गुन्हा आहे. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

मग पैसा आणायचा कुठून? गाडीलाच कमवायला लावा. दर किलोमीटरमागे १ रुपया वेगळा काढा. रोज ६० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १,५६० रुपये. वर्षाला १८,७२० रुपये. पोस्टात आरडी उघडा आणि त्याला हात लावू नका. स्टेअरिंग दगा देईल तेव्हा सावकाराकडे किंवा मोबाइल लोनवाल्याकडे जावं लागणार नाही. मालाचे पैसे गाडीत आणि गाडीचे पैसे मालात, ही सवय धंदा बुडवते.

आजचा गृहपाठ

हे वाचून झालं की उठा आणि पाच गोष्टी करा. बोनेट उघडून स्टेअरिंग कोणत्या जातीचं ते बघा. बॅटरीची टर्मिनलं साफ करा. पुढच्या टायरची हवा मोजा. १२ ते १ ची प्ले चाचणी करा. चॅसिस नंबरने रिकॉल तपासा. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास लागेल आणि खर्च हवेचा.

जड स्टेअरिंगला वेळ देता येतो, ढिल्या स्टेअरिंगला नाही. ढिलं असेल तर उद्याची डिलिव्हरी रद्द करा. गिऱ्हाईकाला फोन करा, खरं सांगा, भाड्याने दुसरी गाडी पाठवा. एक दिवसाचा नफा गेला तर तो पुढच्या आठवड्यात भरून निघतो.

तुमची गाडी कोणती, किती वर्षांची आणि चारपैकी कोणती तक्रार आहे, ते व्हिडिओखाली लिहा. नुसतं "स्टेअरिंग खराब आहे" लिहू नका बरं का! पुढच्या भागात बघू: सेकंडहँड मालवाहू गाडी घेताना कोणते कागद तपासायचे. भेटूया!